न ऐकलेली कॅसेट

टॅक्सीवाल्याने रेडिओ मोठ्याने लावलाय. मागे बसलेली विशीतली मुलगी म्हणते, जरा आवाज कमी करता का? तो तिच्यावरच खेकसतो. ती गप्प बसते. मग तिचे वडील गाडीत चढतात, टॅक्सीवाल्याला त्याच्याच पट्टीत सुनावतात, आणि मघाचा वाघ पार गोगलगाय होतो.

२००४ सालच्या ‘कॉम ऊन इमाज’ या फ्रेंच सिनेमाची ही सुरुवात. इंग्रजीत तो ‘लुक ॲट मी’ या नावाने मिळतो. पुढच्या पावणेदोन तासांत जे घडायचंय ते सगळं या टॅक्सीत घडून गेलंय असं मला तो पुन्हा बघताना वाटलं. बापाने लेकीची बाजू घेतली असं वरवर दिसतं, पण लेकीला त्रास झाला म्हणून तो भांडलेला नसतो. आपल्याशी कुणी असं बोललेलं त्याला खपत नाही, एवढंच. मुलगी आधी ड्रायव्हरच्या आवाजाखाली दबलेली असते, नंतर बापाच्या. तिच्या दृष्टीने फरक काय पडला?

मी फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहते आणि अजूनही पार-दियूच्या लायब्ररीतून डीव्हीडी घरी आणते. ऑफिसातल्या पोरांना हे ऐकून माझी कीव येते. पण घरात फिरता फिरता मोबाइलवर बघण्यातला हा सिनेमा नव्हे. यात माणसं सतत एकमेकांचं बोलणं अर्धवट ऐकत असतात, मधेच फोन वाजतो, वाक्य तुटतं, आणि तुटलेलं वाक्य पुन्हा कुणी विचारत नाही. आपणही फोन हातात घेऊन तो बघितला तर आपणही त्यातलेच एक होऊन बसतो.

मुलीचं नाव लोलिता कस्सार. बाप एतिएन कस्सार, नावाजलेला लेखक आणि प्रकाशन-जगतातलं वजनदार नाव. पॅरिसमधल्या साहित्याच्या वर्तुळात त्याच्या एका शब्दावर कुणाचं पुस्तक उचललं जाईल, कुणाचं पडून राहील, अशी पत. सध्या मात्र त्याला स्वतःला काही लिहिता येत नाहीये, आणि त्याचा सगळा वैताग भोवतालच्यांवर निघतो. दुसरी बायको करीन त्याच्याहून पुष्कळ तरुण, सडपातळ. तिच्यापासूनची एक लहान मुलगी आहे. शिवाय व्हँसाँ नावाचा एक गृहस्थ चोवीस तास त्याच्या मागेपुढे असतो. त्याचं काम नेमकं काय हे शेवटपर्यंत नीट कळत नाही. बहुधा अपमान करून घेणं हेच असावं.

लोलिता जाडसर आहे. साहित्यिक बापाने लेकीला नाबोकोव्हच्या कादंबरीतल्या त्या मोहक पोरीचं, लोलिताचं, नाव द्यावं आणि ती अशी निघावी, हा विनोद आयुष्यभर तिच्या अंगावर चिकटलेला, आणि आपण तो केलाय हे बापाच्या गावीही नाही. ती गाणं शिकते. पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं, माँतेव्हेर्दी, शूबर्ट वगैरे. तिने आपल्या गाण्याची एक कॅसेट बापाला दिलीय. ऐकून सांगा म्हणून.

आता त्या कॅसेटविषयी.

बाप ती फेकून देत नाही. ‘मला नाही ऐकायची’ असंही म्हणत नाही. तसं म्हणाला असता तर मुलगी रडली असती, दार आपटून गेली असती, आणि सिनेमाही लवकर आटपला असता. तो फक्त ऐकत नाही. राहून जातं. आज मीटिंग, उद्या कुणाचं तरी पुस्तक, परवा गावाकडच्या घरी माणसं जेवायला. मुलगी अधूनमधून विषय काढते, तेही असा की नकार आलाच तर आपण विचारलंच नव्हतं असं म्हणता यावं. ती थट्टेत विचारते, तो थट्टेत टाळतो. दिग्दर्शिका आन्येस जाउईने ही कॅसेट अशी काही सांभाळलीय की काही वेळाने आपण पडद्यावर दुसरं काहीही चाललेलं असलं तरी मनात तीच शोधत राहतो. कुठल्या टेबलावर असेल? पाकिटातून तरी काढली असेल का?

पटकथा जाउईची आणि जाँ-पिएर बाक्रीची. दोघं तेव्हा आयुष्यातही जोडीदार होते आणि लिहायचेही जोडीनेच. त्या वर्षी कान महोत्सवात पटकथेचं पारितोषिक याच सिनेमाला मिळालं. परीक्षकांचा अध्यक्ष होता क्वेंटिन टॅरंटिनो. गोळीबार सोडाच, ज्यात कुणी कुणाला साधी थोबाडीतही मारत नाही अशी ही पटकथा त्याच्या अध्यक्षतेखाली निवडली गेली याची मला भारी गंमत वाटते.

बाप झालाय स्वतः बाक्री. फ्रेंच माणसांना बाक्री किती जवळचा होता हे १८ जानेवारी २०२१ ला तो गेला तेव्हा इथे राहून कळलं. सतत वैतागलेला, कपाळावर आठ्या, कुणी ‘सुप्रभात’ म्हटलं तरी ‘कशावरून?’ असा चेहरा. लोकांना तो त्यासाठीच आवडायचा. त्याच्याबद्दल छापून आलेलं वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. कुटुंब अल्जेरियातून फ्रान्सला आलेलं, कान शहरात स्थिरावलेलं. वडील पोस्टमन. शनिवार-रविवारी ते एका सिनेमागृहात काम करायचे आणि त्यामुळे पोराला सिनेमे बघायला मिळाले. ज्याच्या वडिलांनी त्याला अशा रीतीने सिनेमाच्या दारातून आत सोडलं, त्याने पुढे असा बाप रंगवला की जो लेकीला स्वतःच्या दारातच उभं ठेवतो. आणि रंगवला तोही खलनायक म्हणून नाही. कस्सार विनोदी आहे, हुशार आहे. चार माणसांत बसला की मैफल त्याची. आपल्यालाही तो आवडायला लागतो आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटते.

नवरा शेजारी बसून बघत होता. मध्येच म्हणाला, “अगं, पण तो वाईट कुठे वागलाय? कामात असतो माणूस.”

“बरं, मग?”

“मग काय! मुलीनेही थोडं समजून घ्यायला हवं ना.”

“वीस वर्षं समजूनच घेतेय रे ती.”

यावर तो उठून चहा टाकायला गेला. आमच्याकडे वाद असेच मिटतात.

पण त्याच्या बोलण्यात एक मुद्दा होता आणि मी त्यावर नंतर बराच वेळ घालवला. बाप खरंच एकटा गुन्हेगार नाही. बाप ऐकत नाही, ठीक. पण तिच्यावरची सावली बापाने पाडलेली नाही, ती भोवतीच्या माणसांनी पाडलीय. कस्सारची मुलगी समोर उभी असताना प्रत्येकाची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे जाते, मागे बाप कुठे दिसतो का बघायला. बापाच्या कादंबरीवरून निघालेल्या सिनेमाच्या पहिल्या खेळाच्या रात्री, पार्टीच्या दारात तिलाच अडवतात. ओळखत नसले की ती कुणीच नाही, आणि ओळखलं की ती फक्त त्याची मुलगी. या दोन टोकांच्या मध्ये उभं राहायला तिला जागाच नाही.

यातला सगळ्यात बोचरा नमुना म्हणजे सिल्विया, लोलिताची गाण्याची शिक्षिका. ही भूमिका जाउईने स्वतः केलीय. तिचं गाण्याचं शिक्षण झालेलं आहे, पुढे २००६ मध्ये ‘कांता’ नावाचा तिचा गाण्यांचा अल्बमही आला, त्यामुळे तालमीचे प्रसंग खोटे वाटत नाहीत. शिकवणारी बाई कशी उभी राहते, श्वास कुठे घ्यायचा ते बरगडीवर हात ठेवून कसं दाखवते, कंटाळा आलेला असताना कंटाळा न दाखवता ‘पुन्हा एकदा’ कसं म्हणते, हे सगळं अस्सल. या सिल्वियाला लोलिता नकोशी झालेली असते. मागे मागे करणारी, जास्तीचा वेळ मागणारी विद्यार्थिनी. टाळायचं कसं याच विचारात ती असते. आणि मग तिला कळतं की ही मुलगी कुणाची. सिल्विया कस्सारच्या पुस्तकांची भक्त. शिवाय नवरा, पिएर, लेखक आहे आणि त्याचं नाव काही होत नाहीये.

पुढे काय होतं ते सांगायला नको. सिल्वियाला वेळ मिळू लागतो.

सिल्विया लबाड बाई नाही हे विशेष. सगळ्या सिनेमात त्यातल्या त्यात सरळ माणूस तीच. तिने मनाशी बसून ‘चला, हिचा उपयोग करून घेऊ’ असं ठरवलेलं नाही. फक्त एका दुपारी तिचा सूर बदलतो, तिच्याही नकळत. मला हे चटकन पटलं, कारण मी ते डोळ्यांनी पाहते. मी इथल्या एका हौशी गायनवृंदात, कॉयरमध्ये, आल्टो म्हणजे बायकांचा खालचा सूर गाते. आमच्या सोप्रानोंमध्ये, म्हणजे वरच्या सुरात गाणाऱ्यांत, एक बाई आहेत, त्यांचे वडील एकेकाळी टीव्हीवर गाजलेले नट. त्या स्वतः यातलं अक्षर काढत नाहीत. पण दर सप्टेंबरला नवे सभासद आले की दुसऱ्या-तिसऱ्या तालमीच्या मधल्या सुट्टीत ही बातमी कॉफीच्या यंत्रापाशी पोचतेच. आणि पुढच्या आठवड्यात त्या बाईंच्या शेजारच्या खुर्चीला अचानक मागणी येते. त्यांची कोटाची बटणं लावता लावता एक ठरलेली वाट बघण्याची पद्धत आहे: आता हा माणूस वडिलांबद्दल विचारेल, आत्ता विचारेल. विचारलं की त्या एक ठेवणीतलं वाक्य काढून देतात, हसतात आणि स्वरलिपीची फाइल उघडतात. गातात सुरेख. त्याबद्दल त्यांना क्वचितच कुणी विचारतं.

पडद्यावरच्या लोलिताचं काम करणाऱ्या मुलीलाही हे अनुभवाने ठाऊक असणार. मारिलू बेरी ही जोझियान बालास्कोची लेक. आपल्याकडच्या वाचकांना बालास्को माहीत असेलच असं नाही. फ्रान्समध्ये मात्र ‘ल स्प्लँदीद’ या नाट्यमंडळीपासून तिला न ओळखणारं घर सापडायचं नाही. नटी, लेखिका, दिग्दर्शिका, आणि गडगडाटी हसवणारी बाई. शिवाय काका रिशार बेरी, तोही नावाजलेला नट. मारिलू तेव्हा एकवीस वर्षांची. तिला या कामासाठी फ्रेंच सिनेमाच्या सेझार पुरस्कारांत होतकरू अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. भूमिका मिळाली त्यामागे आडनाव होतं का, हा प्रश्न इथे लोकांनी विचारला नसता तरच नवल. पण मला विचाराल तर तिच्या खांद्यांकडे बघा. बापाच्या घरी जेवायला बसली की ती जरा पुढे झुकते, बोलायला तोंड उघडते, कुणीतरी आधीच बोलायला लागतं, मग ती पाव उचलते. तोंड उघडलंच आहे तर निदान खावं तरी. असलं काही आडनावाच्या जोरावर करता येत नाही. पुढे तिने स्वतः सिनेमा दिग्दर्शित केला, २०१६ चा ‘जोझेफीन सारोंदी’, आणि त्यात आईला घेतलं. मला हे फार आवडलं. सेटवर आईला ‘कट, पुन्हा’ म्हणता येणं म्हणजे काय सुख असेल!

सिनेमात एक मुलगा आहे, सेबास्तियँ. फुटपाथवर शुद्ध हरपून पडलेला असतो आणि लोलिता त्याच्या अंगावर आपलं जाकीट टाकते, तिथून ओळख. त्याचं खरं नाव रशीद आहे. नोकरी शोधताना रशीद या नावाने दारं उघडत नाहीत म्हणून तो सेबास्तियँ झालाय. सिनेमा यावर भाषण देत नाही, जाता जाता सांगून पुढे जातो. पण जोडी बघा कशी जुळवलीय: एकीला नावामुळे नको तितकी दारं उघडतात, दुसऱ्याला नावामुळे एकही उघडत नाही, आणि दोघांनाही हवंय ते एवढंच की नाव बाजूला ठेवून कुणीतरी आपल्याकडे बघावं.

आणि इथेच जाउई-बाक्री जोडीचा खवटपणा दिसतो. लोलिता बिचारी, लोलिता चांगली, असं आपण म्हणत असतो, तेवढ्यात लक्षात येतं की सेबास्तियँशी ती अगदी बापासारखीच वागतेय. तो बोलत असतो आणि तिचा एक डोळा फोनवर, कारण एका देखण्या मुलाचा फोन यायचाय. तो देखणा मुलगा तिला बापापर्यंत पोचण्याची शिडी म्हणून वापरतोय हे सगळ्या जगाला दिसतं. शिवाय सेबास्तियँही बापासाठीच आलाय असा संशय ती धरून बसलेली. इतकी वर्षं लोकांनी खांद्यावरून पलीकडे पाहिलं की मग समोरचा आपल्याच डोळ्यांत बघतोय हे ओळखायला येत नाही. त्याला बापाच्या ओळखीने काम मिळण्याची संधी येते आणि तो ती घेत नाही, हे तिला उशिरा कळतं.

पिएरचं प्रकरण त्या मानाने मला कमी रुचलं. सिल्वियाचा हा नवरा नाव झाल्याबरोबर जुन्या प्रकाशिकेला सोडतो, टीव्हीवरच्या एका उथळ कार्यक्रमात जाऊन बसतो, हळूहळू दुसरा कस्सार होऊ लागतो. बरोबर आहे, पटतं, पण जरा मोजून-मापून केल्यासारखं. असो.

खऱ्याखुऱ्या फ्रान्समध्ये या विषयाला तोटा नाही. अलेक्झांडर द्यूमा या एकाच नावाचे लेखक बाप-लेक घ्या. लेकाने ‘ला दाम ओ कामेलिया’ ही कादंबरी लिहिली तेव्हा तो चोविशीत होता, पुढे नाटकही तुफान चाललं, १८७४ मध्ये फ्रेंच अकादमीत त्याची निवड झाली, जी बापाची कधीच झाली नव्हती. तरी आज दोनशे वर्षांनी त्याच्या नावापुढे ‘पुत्र’ लावल्याशिवाय ओळख पटत नाही. बापाला २००२ मध्ये समारंभाने पाँतेओंमध्ये, देशाच्या थोरामोठ्यांच्या समाधिस्थळी, नेऊन ठेवलं, मुलगा मोंमार्त्रच्या दफनभूमीत राहिला.

रन्वार बाप-लेकांची गोष्ट याच्या उलट आहे आणि ती मला जास्त छळते. चित्रकार ओग्युस्त रन्वारने मुलाकडे पाहिलं नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. इतकं पाहिलं की पोराचे तांबूस लांब केस चित्रात छान दिसतात म्हणून ते कापूच दिले नाहीत. १९०० सालच्या एका चित्रात लहानगा जाँ खाली मान घालून सुईदोरा घेऊन बसलाय; मुलगी समजून लोक पुढे जातात. हा जाँ रन्वार पुढे सिनेमाकडे वळला. १९१९ मध्ये वडील वारले, वाटणीला चित्रं आली, आणि ती विकून त्याने आपले सुरुवातीचे मूकपट काढले. १९२६ च्या ‘नाना’ने तर त्याला पुरतं बुडवलं. बापाने रंगवलेले चेहरे भिंतीवरून उतरवायचे, विकायचे, त्या पैशांत स्वतः चेहरे टिपायचे, आणि ते कुणी बघायला येऊ नये! ‘ला ग्रांद इल्यूझियों’ आणि ‘ला रेग्ल द्यू ज’ हे त्याचे गाजलेले सिनेमे यायला मग अजून दहा-बारा वर्षं होती. पुढे तो कलकत्त्याजवळ येऊन हुगळीकाठी ‘द रिव्हर’ करून गेला, तरुण सत्यजित राय त्याला तिथेच भेटले. आणि १९६२ मध्ये, स्वतः सत्तरीकडे झुकलेला असताना, त्याने पुस्तक लिहिलं ते कुणावर? वडिलांवर.

हे झाले जुने. आम्ही इथे राहणाऱ्यांनी डोळ्यांदेखत पाहिलेली गोष्ट फ्रान्सचा लाडका रॉक गायक जॉनी अलिदे याची. ५ डिसेंबर २०१७ ला तो गेला आणि शनिवारी, ९ तारखेला, शाँजेलिजेवरून अंत्ययात्रा निघाली. मोटारसायकलींचा ताफा, मादलेन चर्चसमोर लोटलेला जनसमुदाय, राष्ट्राध्यक्षांचं भाषण. दफन मात्र दूर कॅरिबियनमधल्या सें-बार्तेलेमी बेटावर. दोन महिन्यांनी मृत्युपत्र बाहेर आलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली केलेलं, सगळं चौथ्या बायकोच्या नावे. आधीच्या नात्यांतली दोन मोठी मुलं, गायक दाव्हिद आणि अभिनेत्री लॉरा स्मेत, यांना काही नाही.

आपल्याकडे बाप स्वकष्टार्जित मालमत्ता मनाला येईल त्याला देऊ शकतो. फ्रान्समध्ये तसं नाही, नेपोलियनच्या संहितेपासून नाही. एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता मुलाचीच, दोन असतील तर दोन-तृतीयांश मुलांचं, तीन किंवा जास्त असतील तर तीन-चतुर्थांश. उरलेल्या हिश्शाचंच काय ते बापाने हवं तसं करावं. त्यामुळे सगळा खटला एका प्रश्नावर अडला: जॉनी राहत होता कुठे? अमेरिकेत की फ्रान्समध्ये? आणि हे ठरवायला वकिलांनी पुरावा म्हणून काढलं काय, तर इन्स्टाग्राम. कुठल्या तारखेला कुठल्या बागेतला फोटो टाकला यावरून दिवस मोजले गेले. मे २०१९ मध्ये नांतेरच्या न्यायालयाने फ्रेंच न्यायालयांनाच अधिकार आहे असं ठरवलं, आणि २०२० च्या जुलैत लॉराने समझोता केला.

तेव्हा आमच्या ऑफिसात दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा, कोट्यधीशांची पोरं आहेत, हाव आहे झालं. मला मात्र त्यातलं एक कलम राहून राहून आठवायचं. मुलांची मागणी नुसत्या पैशाची नव्हती. बापाच्या कामावर, न निघालेल्या शेवटच्या अल्बमवर आपला काही शब्द असावा अशीही होती. दाव्हिदने बापासाठी १९९९ मध्ये ‘सां पूर सां’ हा आख्खा अल्बम स्वरबद्ध केला होता, आणि तो जॉनीच्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक. शेवटचा अल्बम प्रसिद्ध होण्याआधी ऐकायला मिळावा म्हणून पोटच्या मुलांनी कोर्टात जायचं. कस्सारने लेकीची कॅसेट ऐकली नाही. इथे लेकरांना बापाची ऐकायला मिळाली नाही. न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही.

आता सिनेमातल्या मैफलीचं सांगते. कस्सारच्या गावाकडच्या घराजवळच्या चर्चमध्ये लोलिताच्या गटाचं गाणं आहे. बाप आलाय. यायचं कबूल केलं होतं आणि आलाय, पहिल्यांदाच.

ज्यांनी अशा चर्चमध्ये गायलेलं नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. नाट्यगृहात दिवे मालवतात, समोर काळोख असतो, गाणाऱ्याला पहिल्या दोन रांगांपलीकडे काही दिसत नाही. चर्चमध्ये तसं नसतं. दगडी भिंती, उंच छत, मे महिन्यातही पायातून चढणारा गारवा, त्यामुळे लोक कोट घालूनच बसतात. उजेड दोन्हीकडे सारखा. आम्ही त्यांना दिसतो आणि ते सगळे आम्हाला दिसतात. जांभई दिसते, कार्यक्रमपत्रिकेवर पेन्सिलीने काढलेली नक्षी दिसते. वेताच्या बैठकीच्या लाकडी खुर्च्या असतात आणि फरशी दगडाची. कुणी उठलं की खुर्ची सरकल्याचा आवाज छतापर्यंत जाऊन परत येतो. मनात नसतानाही डोळे तिकडे जातात, कुठल्या रांगेतून, कोण, आजीबाईंना बरं नाही का, की कुणाचं मूल रडतंय. माप चुकायला तेवढं पुरतं. आमच्या संचालिका तालमीत बजावतात की माझ्या हाताकडे बघा, दाराकडे नाही, आणि प्रत्येक मैफलीत निम्मे आल्टो दाराकडे बघतात.

तर या उजेडात कस्सार मध्येच उठतो आणि बाहेर जातो.

फोन आलाय म्हणून नव्हे, कंटाळला म्हणूनही नव्हे. त्याला सुचलंय. कितीतरी दिवसांनी काहीतरी सुचलंय, आणि लेखकाला सुचलं की लिहून काढावं लागतं. कदाचित लेकीच्या आवाजानेच त्याच्या आत काहीतरी हललं असेल. मला तसं मानायला आवडेल, आणि तसं मानलं तर ते जास्तच वाईट आहे. नवरा या जागी काही बोलला नाही. मीच म्हटलं, “कामात आहे माणूस.”

लोलिताचं पुढे काय होतं ते मी सांगत नाही, बघा. सेबास्तियँचंही सांगत नाही. मला आपलं त्या पुस्तकाचं डोक्यात राहिलंय. चर्चबाहेर सुचलेलं ते पुस्तक पुरं होणार, चांगलंही होणार, कारण कस्सार काही वाईट लेखक नाही. वर्तमानपत्रांत परीक्षणं येतील. आणि मग कुठल्यातरी पार्टीत एखादा उत्साही माणूस लोलिताला गाठून म्हणेल, तुमच्या वडिलांचं नवीन पुस्तक वाचलं, काय लिहिलंय हो, तुम्हाला कसं वाटलं? आणि तिने ते वाचलेलं असेल. पहिल्या दिवशीच.